देवीला दोनदा विचारायचं नसतं

पंखा मी लावला. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्याकडे आता या गोष्टीच्या बऱ्याच आवृत्त्या निघाल्या आहेत. एकीत पंखा आपोआप सुरू झाला, दुसरीत लाइटच नव्हते आणि देवीने नुसता श्वास सोडला. तसलं काही झालेलं नाही. बटण मी दाबलं, या बोटाने. मला उकडत होतं.

पंखा देवळाचाच होता. भिंतीवरचा, तीन पात्यांचा, आणि प्रत्येक पात्यावर तांबड्या रंगात 'कै. पोसूबाई यांच्या स्मरणार्थ' असं लिहिलेलं. म्हणजे पंखा चालू झाला की पोसूबाई गरगर फिरणार आणि बंद झाला की वाचता येणार. नवरात्राच्या आधीचा मंगळवार होता, वर पत्रा, आत शंभरेक माणसं, आणि मी बरोबर बटणापाशी उभा. कोणीही दाबलं असतं असं मी बायकोला म्हणालो. सुचित्रा म्हणाली, "कोणीही नाही. इतके लोक होते, तूच दाबलंस."

तिचं खरं आहे. कौल चालू असताना पंखा लावायचा नाही हे त्या देवळातल्या लहान पोरालासुद्धा ठाऊक होतं. आणि जे सगळ्यांना ठाऊक असतं ते नव्या माणसाला कोणी सांगत नाही.

करंजाड्याला आमचा टॉवर जिथे संपतो तिथे कुंपण आहे आणि कुंपणापलीकडे जुनं गावठाण. तिथली गावदेवी म्हणजे शेंदराचे थरावर थर चढलेला हातभर उंचीचा दगड. नाक नाही, डोळे नाहीत. गावाला काही ठरवायचं असलं की या देवीला विचारायचं. पोरगी अमुक घरात द्यायची का, घराचा पाया या बाजूला खणायचा का, बोअर मारली तर पाणी लागेल का. पुतळाबाई देवीच्या दोन्ही खांद्यांवर, म्हणजे जिथे खांदे असायला हवेत तिथे, तगरीचं एकेक ओलं फूल चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायच्या. मग सगळं गाव गप्प बसायचं. उजवं फूल आधी पडलं तर हो. डावं पडलं तर नाही. आणि फूल पडेपर्यंत कोणी खोकायचंसुद्धा नाही.

पुतळाबाई कोण, तर देवीच्या पुजारीण. हा मान त्यांच्या घरात सासूकडून सुनेकडे चालत आलेला, पुरुषाने त्या दगडाला हातही लावायचा नाही. सत्तरी ओलांडलेली बाई, अंगाने काटकुळी, गुडघ्यापर्यंत नेसलेलं लुगडं आणि कमरेला देवळाच्या किल्ल्यांचा जुडगा. त्या चालायला लागल्या की आधी जुडगा ऐकू यायचा आणि ओट्यावर बसलेले बाप्ये विड्या विझवायचे. नवरा तरुणपणीच गेला, मूलबाळ नाही. पण गावात एकही लग्न असं झालं नाही की ज्यात नवरीला पहिली हळद या बाईंनी लावली नाही.

सरकार नकाशे काढतं, बिल्डर टॉवर काढतात, पण गावठाणात कोणती गोष्ट कधी होणार हे ठरायचं त्या दोन फुलांवर. आमच्या मागच्या टॉवरचा स्लॅब भरायचा होता तेव्हा रेडीमिक्स काँक्रीटची गाडी अर्धा दिवस पोट फिरवत रस्त्यावर उभी होती, कारण फूल पडत नव्हतं. इंजिनियर हेल्मेट काखेत धरून देवळाच्या पायरीवर बसून होता. त्याने एकदा घड्याळ पाहिलं. पुतळाबाई म्हणाल्या, "तुना घाई हाय तं समुद्रान भर." त्यानंतर त्याने घड्याळाचा हात खिशात घातला.

माझी त्यांची पहिली भेटही अशीच गोड झाली. आम्ही डोंबिवलीचा दोन खोल्यांचा संसार उचलून इथे राहायला आलो, तेव्हा सुचित्राने मला नारळ देऊन देवीकडे पाठवलं. पुतळाबाईंनी नारळ हलवून पाणी ऐकलं आणि विचारलं, "कुनाचा तू?"

मी नाव सांगितलं. त्यांना नाव नको होतं. बाप कोण, गाव कोणतं, गावात देव कोणता, असं सगळं विचारून झाल्यावर म्हणाल्या, "मंग त्यो देव सोरून हितं कशाला आयला?" बिल्डरने पार्किंग फुकट दिलं होतं, हे देवीसमोर सांगण्यासारखं कारण नव्हे. त्या दिवसापासून त्या मला 'फ्लॅटवाला' म्हणायला लागल्या. आमच्या टॉवरमध्ये दीडशे फ्लॅट आहेत, पण फ्लॅटवाला मी एकटाच.

मला त्या आवडायच्या. का, ते नीट सांगता येणार नाही. नोकरीत मी आयुष्यभर अशा साहेबांच्या हाताखाली होतो की जे हो म्हणायचे पण सही करायचे नाहीत. इथे एक बाई होती जिचं हो म्हणजे हो आणि नाही म्हणजे नाही. संध्याकाळी मी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसायचो आणि त्या माझा अपमान करायच्या. निवृत्त माणसाला याहून जास्त करमणूक कुठे मिळते?

पण त्यांचा 'नाही' ज्यांच्यावर पडायचा त्यांची करमणूक होत नसे. गोजराबाई त्यातल्या. पुतळाबाईंच्या शेजारणी, भाकऱ्या करून विकतात. त्यांच्या उन्नतीला तळोज्याच्या बाजूचं चांगलं स्थळ आलं होतं. मुलगा कारखान्यात कायम, घर स्वतःचं, आणि मुख्य म्हणजे मुलामुलीचं एकमेकांवर मन बसलेलं. कौल लावला, आणि देवीच्या खांद्यावरून पाल धावली. डावं फूल पडलं. गोजराबाईंनी पदर पसरला. पाल सगळ्यांनी पाहिली आहे, फूल देवीने नाही पाडलं, पालीने पाडलं, एकदा परत विचार, म्हणून ती बाई देवळाच्या फरशीवर बसून राहिली. पुतळाबाईंनी फुलं उचलली, तांब्यात टाकली आणि म्हणाल्या, "देवीला दोनदा इचारायचा नाय. देवी काय हाटेलातला पोऱ्या हाय, परत ऑर्डर घ्याला?"

लोक हसले. हसले हे मला गोजराबाईंनीच सांगितलं, भाकरी थापता थापता, वर न बघता. स्थळ गेलं. त्या मुलाचं पुढच्या वर्षी याच गल्लीतल्या मुलीशी लग्न झालं आणि उजवा कौल मिळालेल्या त्या नवरीला पहिली हळद लावायला पुतळाबाई गोजराबाईंच्याच दारावरून गेल्या. उन्नतीने नंतर कोणाचंच स्थळ पाहू दिलं नाही. ऐरोलीच्या एका कंपनीत लागली, सकाळी जाते, रात्री येते, आणि देवळाकडच्या रस्त्याने जात नाही.

हे सगळं मी एकदा पुतळाबाईंकडे हळूच काढलं होतं. म्हटलं, एकदा परत विचारलं असतं तर काय बिघडलं असतं? त्यांनी सुपारी कातरून तोंडात टाकली. मग मला त्यांनी जे समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. एकदा दोनदा विचारलं की लोक तीनदा विचारणार. मग हवं ते उत्तर येईपर्यंत विचारणार. मग देवी कशाला, माणसाने आपल्या मनालाच विचारावं. मला ते तेव्हा पटलं होतं. ज्याला काही विचारायचं नसतं त्याला असल्या गोष्टी लवकर पटतात.

आता कुंदन. कुंदन हा पुतळाबाईंच्या दिराचा, गोटीरामचा मुलगा. आई लवकर गेली म्हणून काकीच्या ओट्यावर, काकीच्या ताटात वाढलेला. सरकारने शेतजमीन घेतली तिच्या बदल्यात साडेबारा टक्क्यांत मिळालेल्या प्लॉटवर बापाने एक इमारत उभी केली, मुलाने चार. आवाज इतका मऊ की समोरच्याला वाटावं आपण आजारी आहोत. दिसेल त्याच्या पाया पडतो. माझ्याही पडायचा. मी दर वेळी भारावून जायचो आणि सुचित्रा म्हणायची, पाया पडणाऱ्याचे हात कुठे आहेत ते बघत जा.

गावाने देवळाचा ट्रस्ट केला, तेव्हा अध्यक्ष ओघानेच कुंदन झाला. जुन्या पत्र्याच्या देवळाशेजारी संगमरवरी बांधायचं आणि मग जुनं पाडायचं ठरलं. टॉवरमधल्या लोकांनाही त्यात घ्यावं म्हणून मला सहचिटणीस केलं. माझी पात्रता इतकीच की मला 'सुस्वागतम्' नीट लिहिता येतं.

कुंदनचा काकीवर जुना राग होता, हे मला फार उशिरा कळलं. रिवाजाप्रमाणे घरातली सून म्हणजे कुंदनची बायको प्रिया. मान पुढे तिला मिळायचा. लग्न होऊन वर्षं झाली, प्रियाने दोन-तीनदा फुलं नेऊन दिली, शेंदूर कालवायला बसली, पण पुतळाबाईंनी तिला गाभाऱ्याचा उंबरा ओलांडू दिला नाही. "हिची कंबर वाकत नाय," एवढंच कारण. तेही चार बायकांत, मोठ्याने. प्रिया घरी जाऊन रडली आणि पुन्हा देवळात आली नाही. खरं कारण असं की पुतळाबाईंना मान कोणालाच द्यायचा नव्हता. तो सोडला की आपण कोण उरतो, हा हिशेब त्यांनी मनात केलेला असणार आणि उत्तर त्यांना आवडलेलं नसणार.

नव्या देवळाचं काम वर आलं तशी ट्रस्टच्या बैठकीत कुणकुण सुरू झाली. आरतीची वेळ ठरलेली हवी. काकींची तब्येत. काकींच्या मागे कोण. टॉवरवाल्यांना मंत्र लागतात. सगळ्यांना एकच गोष्ट म्हणायची होती आणि प्रत्येक जण दुसऱ्याने म्हणावी म्हणून चहा पीत होता. शेवटी कुंदन म्हणाला, आपण कोण ठरवणारे? देवीलाच विचारू. आणि सरळ उठून, आम्हा सगळ्यांना मागे घेऊन काकीच्या ओट्यावर गेला, पाया पडला आणि म्हणाला, "काकी, पूजेचा अन् कौलाचा मान ट्रस्टला द्यावा का, तूच देवीला विचार. देवी नाय बोलली तर मी परत तोंड उघडनार नाय."

पुतळाबाई हसल्या. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि त्यात काही चिंता दिसली नाही. का असावी? फूल किती ओलं ठेवायचं, कुठे टेकवायचं, किती दाबायचं, हे त्यांच्या अंगठ्याला इतक्या वर्षांत पाठ झालेलं. मी कोणावर आरोप करत नाही. पण ज्या प्रश्नाचं उत्तर स्वतः पुतळाबाईंना हवं असायचं तिथे फूल कधी चुकलेलं कोणाला आठवत नाही. गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि याला सगळे देवीचं लक्षण म्हणायचे.

तर तो मंगळवार. कुंदनने सगळ्यांना जागा करून दिल्या. म्हाताऱ्यांना पुढे बसवलं, बायकांना उजवीकडे. मला म्हणाला, "काका, तुमी इथं भिंतीला उभे राहा, तुमचे गुडघे दुखतात." मी सुखावलो. पुतळाबाईंनी फुलं लावली. प्रश्न विचारला, स्पष्ट, गावाला ऐकू जाईल असा. मग शांतता. माझ्या पाठीवरून घामाचा ओघळ निघाला. शेजारी कुंदन रुमालाने मान पुसत होता, माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "फार उकडतंय ना, काका?"

पोसूबाई फिरायला लागल्या.

उजवं फूल सुटलं, हवेत एक गिरकी घेतली आणि पायरीवर पडलं.

कोणी खोकलं नाही. पुतळाबाई फुलाकडे बघत होत्या, पंख्याकडे नाही. पहिल्यांदा हलल्या त्या गोजराबाई. उठल्या, माझ्या अंगावरून हात घालून त्यांनी बटण बंद केलं आणि परत जागेवर जाऊन बसल्या. मग कुंदनने दोन्ही हात जोडून डोळे मिटले आणि म्हणाला, देवीची मर्जी. आणि पुढच्या म्हाताऱ्यांनी, ज्यांच्या मुलामुलींची लग्नं या बाईंनी लावली होती त्यांनी, एकामागून एक हात जोडले. मला तेव्हा कळलं की शंभर माणसांनी पंखा पाहिला आहे आणि एकही माणूस पंखा पाहणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी कुंदनच्या सॅम्पल फ्लॅटमध्ये गेलो. तो तिथेच ऑफिस चालवतो, त्यामुळे आपण कायम कोणाच्या तरी खोट्या दिवाणखान्यात बसलो आहोत असं वाटतं. मी म्हटलं, कौल खरा नव्हता, पंखा मी लावला. त्याने मला पाणी दिलं. म्हणाला, "काका, पंखा कोनाचा? देवीचा. वारा कोनाचा? देवीचा. देवीच्या पंख्याने देवीचं फूल पाडलं, त्यात तुमी मधे कशाला येता? कशाचं टेन्शन घेऊ नका." मग पाया पडला. मी बघितलं, हात खरंच माझ्या पायांपर्यंत पोचत नव्हते.

सुचित्राला सांगितलं. ती म्हणाली, त्याने तुला उभा केला आणि तू उभा राहिलास. एवढं तर खांबही करतो. आता निदान खांबासारखा गप्प बसू नकोस.

म्हणून पुढच्या मंगळवारी, किल्ल्या ट्रस्टकडे द्यायला गाव देवळात बसलं तेव्हा मी उभा राहिलो. मला बैठकीत बोलायची सवय नाही. मी आधी माइक तपासला, माइक नव्हता. मग एकदाचं म्हणालो की मागच्या मंगळवारी पंखा मी लावला होता, वाऱ्याने फूल पडलं, तो कौल धरू नये, आणि देवीला पुन्हा एकदा विचारावं.

कुंदनला तोंड उघडायची गरज पडली नाही. बायकांच्या बाजूने गोजराबाई उभ्या राहिल्या. पदर खोचला. त्यांचा आवाज अजिबात चढलेला नव्हता.

"पुतळावयनी," त्या म्हणाल्या, "देवीला दोनदा इचारायचा नाय."

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. पुतळाबाईंनी माझ्याकडे न बघताच हात वर केला, आणि मी त्या हाताला इतका सरावलेला होतो की गप्प बसलो. त्या गोजराबाईंकडे बघत होत्या. दोघी शेजारणी. एकीची चूल पेटली की दुसरीच्या घरात धूर जायचा, इतक्या शेजारणी. मला वाटलं आता शिव्या ऐकू येणार. किंवा पाल वेगळी आणि पंखा वेगळा, असं काहीतरी. वेगळं होतंच. पंखा माणसाने लावला होता. एवढं एकच वाक्य पुरलं असतं, आणि माझी खात्री आहे की त्या म्हाताऱ्यांतले निम्मे तरी त्यांच्या बाजूला वळले असते.

"गोजरा बरूबर बोलते," पुतळाबाई म्हणाल्या. कमरेचा जुडगा सोडायला त्यांना वेळ लागला, कारण तो कधी सोडलेलाच नव्हता, गाठ आवळून दगड झाली होती. शेवटी कुंदनने खिशातून कात्री नाही, पण गाडीच्या किल्लीचं टोक पुढे केलं. त्यांनी ते घेतलं नाही. नाडी ओढून वर घेतली, दातांनी तोडली आणि जुडगा पायरीवर ठेवला.

एक नियम त्यांनी दुसऱ्यांवर चालवला होता. तो स्वतःवर चालवला नसता तर देवीचं राज्य संपलं असतं, आणि चालवला तर त्यांचं. त्यांनी देवीचं राखलं. गोजराबाई त्या दिवशी घरी गेल्या आणि नेहमीप्रमाणे भाकऱ्या केल्या. उन्नतीला सांगितलं तर ती फक्त म्हणाली, "मग? मला काय त्याचं?" हे मला गोजराबाईंनी सांगितलं, तेव्हा मात्र त्यांनी तव्यावरून नजर काढली होती.

खरी क्रूर गोष्ट पुढेच आहे. आपल्याकडे माणसाला संपवायची एक सभ्य रीत आहे, तिला सत्कार म्हणतात. शाल अंगावर घातली की हात आत अडकतात, नारळ हातात दिला की दुसरं काही धरता येत नाही, आणि मानपत्र वाचलं की माणूस भूतकाळात जमा होतो. चैत्राच्या जत्रेत नव्या देवळाचं उद्घाटन होतं आणि त्याआधी 'आदरणीय पुतळाबाईंचा जाहीर सत्कार'. मानपत्र लिहायचं काम अर्थातच 'सुस्वागतम्' लिहिणाऱ्याकडे आलं. मी नाही म्हणणार होतो. मग वाटलं, निदान चांगलं तरी लिहू. 'आपण गावाची माउली आहात' असं मी लिहिलं. कुंदनने 'आहात'चं 'होतात' केलं. म्हणाला, छापताना तेच बरं दिसतं.

मांडव देवळापासून जरा लांब, पटांगणात घातला होता. व्यासपीठावर पुतळाबाईंना मधोमध लाल मखमलीच्या खुर्चीत बसवलं. त्या कधी खुर्चीत बसलेल्या नव्हत्या, पाय लोंबकळत होते. शाल झाली, काचेची ट्रॉफी झाली, फोटो झाले. मी मानपत्र वाचायला लागलो. दुसरा परिच्छेद आला आणि देवळातून घंटा वाजली.

कार्यक्रमपत्रिकेत दोन्हींची वेळ एकच होती. नवे गुरुजी शिकलेले, तरतरीत, वेळेचे पक्के. मुहूर्त म्हणजे मुहूर्त. लोक उठले. आधी मागचे, मग मधले, मग पुढच्या रांगेतले म्हातारे, वाकून, चोरासारखे. ज्याचा माइक होता त्याने माझ्या हातातून माइक घेतला, आरतीला पाहिजे म्हणाला. उरलेलं मानपत्र मी तसंच, तोंडी, रिकाम्या मांडवाला वाचून दाखवलं. थांबायचं कसं ते मला सुचेना. पुतळाबाई शालीत बसून घंटेकडे कान लावून होत्या आणि त्यांचा उजवा अंगठा तर्जनीवर घासत होता, शेंदूर मळताना घासतात तसा.

मांडववाला खुर्च्या गोळा करायला लागला होता. एकावर एक रचत रचत तो व्यासपीठावर आला, थोडा थांबला आणि म्हणाला, "आजी, खुर्ची."

त्या उतरल्या.

आता देवी संगमरवरात आहे. दगडावर चांदीचा मुखवटा बसवला आहे, त्याला नाक आहे, डोळे आहेत, किंचित हसूही आहे. पुढे काच. काचेवर फूल चिकटत नाही, आणि चिकटून उपयोगही नाही, कारण मुहूर्त आता गुरुजी पंचांगातून काढून ग्रुपवर टाकतात. कौल बंद झाला. मला वाटलं होतं गाव अडेल, लग्नं मोडतील, एखादा पाया खचेल. काही झालं नाही. मला वाटतं पुतळाबाईंना सगळ्यात जास्त हेच लागलं असणार. गावातल्या लग्नांची पत्रिका त्यांनाही येते, पाकिटावर 'सहकुटुंब' लिहिलेलं असतं. पहिली हळद नवरीची मामी लावते. पुतळाबाईंना पंगतीत बसवतात आणि जाताना प्लास्टिकच्या पिशवीत दोन लाडू देतात.

एकदा मी त्यांना देवळात पाहिलं. स्टीलच्या नागमोडी रांगेत, पाठीमागे आमच्या टॉवरमधल्या बायका, पुढे कोणाची तरी शाळेची सहल. काचेपाशी पोचल्या तेव्हा त्या थांबल्या आणि काचेला तळहात लावला. रांग सांभाळायला ट्रस्टचा टी-शर्ट घातलेला निशांत होता. आमच्याच मजल्यावरचा, सुट्टीच्या दिवशी सेवा करतो, अतिशय सज्जन मुलगा. गेल्याच महिन्यात राहायला आलेला. त्याने शिटी वाजवली. "आजी, काचेला हात नको. पुढे चला, पुढे." त्या पुढे गेल्या. प्रिया बाजूच्या टेबलावर तीर्थ देत होती. तिने पुतळाबाईंच्या तळहातावर पळीभर तीर्थ घातलं, सगळ्यांना घालत होती तेवढंच, आणि म्हणाली, "नेक्स्ट."

मी अजून संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर जातो. पूर्वी तिथे बसायला जागा नसायची, आता निवड करायला लागते. त्या माझा अपमान करत नाहीत. केळी नेली तर घेतात, नाही नेली तर विचारत नाहीत. मी गप्पा रेटतो. टॉवरची लिफ्ट, सुचित्राचा गुडघा, पाण्याचा टँकर. त्या रस्त्याकडे बघत असतात. कधी एखादी बाई पोरीला घेऊन समोरून जाते, तेव्हा त्या जरा सावरून बसतात. बाई पुढे निघून जाते.

परवा असंच झालं. आई आणि लग्नाची मुलगी, दोघी नटलेल्या, देवळाकडे निघालेल्या. त्या आईच्या लग्नात, आणि तिच्या आईच्याही, हळद यांनीच लावलेली. तिने ओट्याकडे पाहिलं, मुलीचा हात धरला आणि पलीकडच्या कडेने गेली. पुतळाबाई सावरून बसलेल्या तशाच राहिल्या. मला ते बघवेना. इतके महिने जे आत धरून ठेवलं होतं ते तोंडातून गेलंच.

मी म्हटलं, "मावशी, माझ्यामुळे झालं हे सगळं. मला माफ केलंत ना?"

त्यांनी रस्त्यावरची नजर काढली आणि मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, पहिल्या दिवशी नारळ पाहिला होता तसं.

"माफी आता ट्रस्टच्या हापिसान मिलते, आयतवारी उगडा असतं."